नीरेकांठची एक आजी

पुणें जिल्ह्याचा पूर्वेकडील शेवटचा तुकडा म्हणजे इंदापूर तालुका. उत्तरेस भीमा आणि दक्षिणेस नीरा अशा दोन नद्या त्यास कवेंत घेऊन वाहतात आणि तालुक्याच्या अगदीं टोंकास, नरसिंहपूर येथें, एकमेकींस मिळतात. लक्ष्मीनृसिंह हें ज्यांचें कुलदैवत आहे अशा आपल्या कित्येक घराण्यांतील मंडळी लग्नमुंजीनंतर दर्शनास, कोणी नवस फेडण्यास, त्या संगमावर जातात. स्नान होतें, नैवेद्य होतो, आणि मंडळी परतीच्या गाडींत बसतात. वाटेंत काय लागलें, म्हणून विचारलें तर ऊंस, कालवा आणि साखरेचे कारखाने एवढेंच उत्तर मिळतें. मला आज जें सांगावयाचें आहे तें याच वाटेवरील एका घराविषयीं, आणि त्या घरांतील एका आजीविषयीं. त्या आमच्या नात्याच्या नव्हत्या, जातीच्या नव्हत्या, आणि धर्माच्याही नव्हत्या. त्या रोमन कॅथॉलिक पंथाच्या ख्रिस्ती होत्या.

गेल्या वर्षीं त्या नव्वदी ओलांडून निवर्तल्या. नोव्हेंबर महिन्याची दोन तारीख हा कॅथॉलिक पंथांत सर्व मृतात्म्यांच्या स्मरणाचा दिवस मानितात. आपल्याकडे सर्वपित्री अमावास्येस जें स्थान, तेंच जवळजवळ या दिवसास. दफनभूमींतील तण काढावयाचें, थडगीं धुवावयाचीं, फुलें वाहावयाचीं, मेणबत्त्या लावावयाच्या आणि गेलेल्यांच्या नांवें प्रार्थना करावयाची, असा विधि असतो. त्या दिवशीं या, असें आजींच्या चिरंजीवांनीं कळविलें, आणि मी पुण्याहून निघालों.

दौंडास गाडी बदलून बारामतीस जावें, ही आमची लहानपणापासूनची रीति. दौंड-बारामती ही शाखा १९१४ सालीं सुरू झाली तेव्हां अरुंद मापाची होती. तिच्या छोट्या डब्यांतून, कोळशाचे कण डोळ्यांत जाऊं नयेत म्हणून खिडकी लावून, आम्ही भावंडें आजोळीं जात असूं. आतां रूळ रुंद झाले आहेत आणि प्रवासांतली ती मौजही संपली आहे. बारामती शहर कऱ्हेच्या कांठीं आहे, आणि जुन्या वाचकांस तें मोरोपंतांचें गांव म्हणूनच प्रथम आठवेल. पन्हाळगडावर १७२९ सालीं जन्मलेले मोरोपंत बाबूराव नाइकांच्या आश्रयास येथें आले, आणि १७९४ सालीं देह ठेवीपर्यंत येथेंच आर्या रचीत राहिले. त्यांचीं रामायणें आणि 'केकावलि' पाठ असलेल्या आज्या आपल्यांपैकीं पुष्कळांनीं पाहिल्या आहेत. त्यांतल्या कित्येकींस अक्षरओळख नव्हती. तरीही विद्वानांनीं लिहिलेलें काव्य घराघरांतून टिकलें तें त्यांच्या मुखीं. या गोष्टीचें स्मरण पुढें पुन्हां करावें लागणार आहे, म्हणून येथें नोंदवून ठेवितों.

बारामतीहून इंदापूर सुमारें पन्नास किलोमीटर. संत तुकाराममहाराजांची पालखी याच बाजूनें जाते. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनीं १६८५ सालीं हा सोहळा सुरू केला. काटेवाडीस परीट मंडळी पालखीपुढें धोतरांच्या पायघड्या घालतात आणि पालखीभोंवतीं मेंढ्यांचें रिंगण होतें. बेलवाडीस आणि इंदापुरास अश्वांचें गोल रिंगण होतें. आम्हीं निघालों तो कार्तिकाचा सुमार होता. ऊंस डोक्याच्या वर गेला होता, गळिताचा हंगाम तोंडावर होता, आणि बीड-नगरकडून येणाऱ्या तोडकऱ्यांच्या पालांची जुळवाजुळव रस्त्याच्या कडेला चालली होती.

हें हिरवें रूप या मुलखाचें जुनें रूप नव्हे. १८७६-७७ च्या दुष्काळानें हा प्रदेश होरपळून निघाला, आणि त्यानंतर नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी १८८५ च्या सुमारास इकडे खेळूं लागलें. भाटघरच्या धरणानें त्यास बारमाही आधार दिला. पाण्यामागून ऊंस आला. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९३० नंतरच्या दशकांत इंदापूर तालुक्यांत साखरेचा कारखाना उभारिला आणि वालचंदनगर वसलें. स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखाने निघाले. कारखान्यांच्या भोंगयांबरोबर कोठकोठचीं माणसें येथें वस्तीस आलीं. आमचे वडील अशाच एका वसाहतीच्या शाळेंत शिक्षक होते, आणि आजींचे यजमान कारखान्यांत जोडारी होते. दोन्ही घरांमध्यें एक बोळ होता.

आजींचें माहेर नगर जिल्ह्यांत, राहुरी तालुक्यांत. त्या तालुक्यांतील केंदळ या गांवीं, कालव्यास कारण झालेल्या त्याच दुष्काळाच्या मागोमाग, १८७८ च्या सुमारास जर्मन जेझुइट धर्मगुरूंनीं काम सुरू केलें. गांवकुसाबाहेर राहणाऱ्या, विहिरीवर ज्यांस हात लावूं देत नसत अशा कुटुंबांनीं त्यांचा हात धरिला. हें कोणत्या आशेनें झालें, कोणत्या निष्ठेनें झालें, याची चर्चा आपल्याकडे बैठकीवर बसून पुष्कळ झाली आहे. आजींस त्या चर्चेचें अगत्य नव्हतें. त्यांची ती तिसरी पिढी. त्यांस विचारलें तर त्या म्हणत, "आमच्या आज्यानं मूठभर दाण्यासाठी धर्म घेतला आसंल, तर घेतला. पर मी काय आता दाण्यासाठी गुडघं टेकते का?"

केंदळाहूनच १९०३ सालीं फादर हेन्री डोरिंग यांनीं 'निरोप्या' हें मराठी मासिक काढिलें. पुढें ते पुण्याचे बिशप झाले. आजींच्या घरीं तें मासिक येई. त्यांस लांब मजकूर वाचतां येत नसे. मोठा मुलगा वाची आणि त्या निवडीत बसल्या असतां ऐकत. कधीं कधीं आमची आई बोळ ओलांडून तेथें बसे आणि तीही ऐके. उलट चातुर्मासांत आमच्या ओसरीवर पोथी लागली कीं आजी उंबऱ्याशीं येऊन बसत. आंत या, असें आईनें म्हणावें आणि "इथं वारा बरा लागतो" असें त्यांनीं म्हणावें, असें कित्येक वर्षें चाललें. एके वर्षीं आईनें स्वतःचा पाट उचलिला आणि उंबऱ्याशीं नेऊन मांडिला. त्यानंतर आजी आंत बसूं लागल्या.

त्यांच्या धर्मग्रामांत त्यांस कोणतेंही पद नव्हतें. कॅथॉलिक पंथांत वेदीवरचा अधिकार धर्मगुरूंचा, आणि तो पुरुषासच. परंतु वसाहतीच्या कडेला पत्र्याच्या छपराचें जें लहानसें ख्रिस्तमंदिर होतें, त्याची किल्ली चाळीस वर्षांहून अधिक काळ आजींच्या कमरेस होती. फादर दूरच्या गांवाहून ठरलेल्या रविवारीं येत. मधल्या दिवसांत मंदिर चालवीत त्या आजी. शनिवारीं त्या वेदीचीं वस्त्रें निराळ्या बादलींत धुवीत, त्यांस खळ देत आणि इस्त्री करीत. आमच्या सोवळ्याच्या वस्त्राप्रमाणें त्या वस्त्रांस दुसऱ्या कोणाचा हात लागूं देत नसत. ऑक्टोबर महिना हा जपमाळेचा. त्या महिन्यांत रोज संध्याकाळीं एकेका घरीं जपमाळ होई, आणि आजींचा आवाज सर्वांच्या पुढें असे. बाळंतिणीस शेक, आजाऱ्याच्या उशाशीं जागरण, मृताच्या घरीं पहिली पेज, हीं कामें त्यांच्याकडे कोणी सोंपविलीं नव्हतीं, तरी तीं त्यांचींच होतीं. नाताळांत वसाहतींतील सर्व जातींचीं मुलें जमवून त्या येशूच्या जन्माची गव्हाणी करवीत. बेथलेहेमांत गवत असेल, आमच्या गव्हाणीस उंसाचें पाचट असे.

हरेगांव येथें मतमाउलीची यात्रा १९४९ पासून सप्टेंबर महिन्यांत भरत आली आहे. तेंही ऊंस आणि साखर कारखाना यांचेंच गांव. पवित्र मरियेस मराठी माणसानें 'माउली' म्हणावें यांत नवल नाहीं. जिव्हाळ्यास दुसरा शब्द आपल्यापाशीं नाहीं. आजी त्या यात्रेस जात. आणि आषाढाच्या तोंडावर पालखी रस्त्यानें येऊं लागली कीं त्याच आजी पाण्याचे हंडे भरून रस्त्याच्या कडेला उभ्या राहत. वारकरी बायांच्या पायांस फोड आलेले असत. खोबरेल तेल कोंबट करून त्या स्वतः लावीत. एकदां कोणी तरी हटकलें, "आजी, तुम्ही तर किरिस्ताव." त्या मान वर न करितां म्हणाल्या, "पाय फुटलाय तिचा. त्याला काय कूळ इचारू?"

त्यांच्या तोंडून ऐकलेली एक हकीकत मला फार मोलाची वाटते. त्यांच्या तरुणपणीं मिस्सा लॅटिन भाषेंत होत असे. धर्मगुरु वेदीकडे तोंड करून मंत्र म्हणत, आणि लोक मागें आपल्या मराठी प्रार्थना पुटपुटत बसत. आपल्या घरांतील बायकांस ही स्थिति समजावून सांगण्याची गरज नाहीं. भटजींनीं संस्कृतांत संकल्प सोडावा आणि त्यांनीं हात लावून 'मम' म्हणावें, हा अनुभव त्यांच्या नित्याचा आहे. रोम येथें १९६२ ते १९६५ या काळांत भरलेल्या धर्मपरिषदेनें लोकभाषेस वाट मोकळी केली आणि मिस्सा मराठींत होऊं लागली. त्या पहिल्या दिवसाविषयीं आजी म्हणाल्या, "वहिनी, त्या दिशी मला कळलं, इतकी वर्सं फादर माझंच गाऱ्हाणं देवाला सांगत होते. आन् मला वाटायचं, त्यांचं कायतरी मोठं काम चाललंय."

वास्तविक कॅथॉलिक पंथानें मराठीचा आश्रय फार पूर्वीं केला होता. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानें ओवीछंदांत रचिलेलें 'क्रिस्तपुराण' गोव्यांत १६१६ सालीं रोमन लिपींत छापलें गेलें. म्हणजे मोरोपंतांच्या जन्माआधीं शंभराहून अधिक वर्षें. ज्या छंदांत ज्ञानेश्वरी झाली, त्याच छंदांत ख्रिस्ताची कथा सांगावी, हें त्या परकी माणसाच्या मनांत आलें. कारण ऐकणाऱ्यांच्या जिभेवर तोच छंद होता. ग्रंथ कोणी लिहिला हें विद्वान सांगतील. तो जगविणारी जीभ मात्र बहुधा चुलीपाशीं बसलेली असते.

आतां जें सांगावयाचें तें थोडें अवघड आहे. आजींचा मोठा मुलगा हुशार होता. शाळेंत त्याचें नांव घालावयाचें होतें तेव्हां नोंदवहींत धर्माचा रकाना आला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणें अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांस मिळत नसत. पुढें १९५६ सालीं शिखांचा आणि १९९० सालीं बौद्धांचा त्यांत समावेश झाला. ख्रिस्त्यांचा झाला नाहीं. गांवानें ज्यांस बाहेर ठेविलें तें धर्म बदलल्यानें आंत घेतलें असें नव्हे, परंतु कागदावर तें दुःख संपल्याचें ठरलें. जवळ उभ्या असलेल्या एका भल्या माणसानें सुचविलें कीं, हिंदु म्हणून लिहा. घरीं काय करितां तें कोण पाहतो? अनेकांनीं तसें केलें होतें, आणि पोटच्या पोरासाठीं केलेल्या त्या गोष्टीस दोष देणें सोपें नाहीं. आजींनीं वडिलांकडे पाहिलें आणि म्हणाल्या, "देवाच्या दारी एक नाव अन् सरकारच्या दारी दुसरं, आसं कसं चालंल, मास्तर? ख्रिस्तीच लिवा."

वडिलांनीं तसें लिहिलें. पुढें मुलगा मॅट्रिक झाला, पण बरोबरीच्या मुलांस मिळालेली शिष्यवृत्ति त्यास मिळाली नाहीं. पुण्यास जाऊन शिकण्याचें राहिलें आणि तो बापाच्याच कारखान्यांत उमेदवार म्हणून लागला. त्यानें आईस कधीं उलट शब्द बोलल्याचें कोणी ऐकलें नाहीं. परंतु पुष्कळ वर्षें रविवारीं तो तिला सायकलवर बसवून मंदिरापर्यंत नेई आणि स्वतः बाहेर चिंचेखालीं उभा राही. आजींनीं त्यास आंत ये म्हटलें नाहीं. मिस्सा संपली कीं त्या बाहेर येत आणि तो सायकल पुढें काढी.

दोन तारखेस सायंकाळीं आम्ही दफनभूमींत गेलों. वसाहत आतां पूर्वीसारखी भरलेली नाहीं. पुष्कळ घरांस कुलुपें आहेत. तरुण मंडळी चाकण, पिंपरी, पुणें येथें गेलीं आहेत. तरीही त्या दिवशीं मोटारी भरभरून नातवंडें आलीं होतीं. कोणी परिचारिका, कोणी शिक्षिका, कोणी संगणकाच्या कचेरींत. फादरांनीं प्रार्थना म्हटल्या, थडग्यांवर तीर्थजल शिंपडलें, आणि अंधार पडतां पडतां सर्व भूमि मेणबत्त्यांनीं उजळली. वाऱ्यानें ज्योत विझली कीं कोणी तरी शेजारच्या थडग्यावरून पुन्हां लावून घेई. थडगें कोणाचें हें पाहण्याची गरज कोणास वाटत नव्हती.

मोठे चिरंजीव माझ्याजवळ उभे होते. निवृत्त होऊन त्यांस बरींच वर्षें झालीं. ते म्हणाले, "त्या वहीवर आईनं अंगठा दिला, आणि किंमत मी दिली. हे मी तिला कधी बोललो नाही." थोड्या वेळानें म्हणाले, "तिला माहीत होतं. म्हणून ती मला कधी आत बोलावत नव्हती." मी कांहीं बोललों नाहीं. आईचें म्हणणें खरें होतें, आणि मुलाचें दुःखही खरें होतें. एकानें दुसरें खोटें पडत नाहीं. निष्ठेचें मोल पुष्कळदां जो निष्ठावंत असतो त्याच्याच पदरचें जात नाहीं, घरांतल्या दुसऱ्या कोणाच्या पदरचें जातें, आणि घर म्हणून एकत्र राहणाऱ्यांस हें ओळखून राहावें लागतें.

याच विचारांत घरीं आलों तों दुसऱ्या एका गोष्टीकडे लक्ष गेलें. आजी मंदिरांत, आजी बाळंतिणीकडे, आजी जपमाळेस, हें सर्वांस दिसे. त्या वेळीं चुलीपाशीं कोण होतें? त्यांची सून. चाळीस वर्षें तिनें सासूच्या वांट्याचीं भांडीं घांसलीं आणि भाकऱ्या थापल्या. ती फारशी मंदिरांत दिसत नसे, म्हणून लोक तिला सासूएवढी भाविक समजत नसत. आजी मात्र तसें समजत नव्हत्या. यजमान गेल्यावर नातीनें त्यांस पुण्यास नेलें, तेव्हां पंधरा दिवसांतच त्या परत आल्या. शनिवारचीं वस्त्रें कोण धुवील, ही एक काळजी. आणि "तिकडं माझी सून न्हाई," हें दुसरें कारण. शेवटच्या दुखण्यांत, फादर उशाशीं असतां, त्यांनीं कमरेची किल्ली काढून सुनेच्या हातीं दिली. मंदिरांत पुढें बसणाऱ्या पुष्कळ जणी होत्या. कोणास मागितली असती तरी मिळाली असती.

आतां शनिवारीं सूनबाई वस्त्रें धुण्यास जातात. त्या दिवशींचा स्वयंपाक चिरंजीव करितात. आमटी फार तिखट होते, अशी नातवंडांची तक्रार आहे. रविवारीं ते चिंचेखालीं उभे राहतात कीं आंत जातात, हें मीं विचारलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मी इंदापुरास गेलों. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे यांच्या अंताचें हें गांव. तेथून पुढें उजनी धरणाचा फुगवटा लागतो. १९८० सालीं हें धरण पुरें झालें, आणि भीमेकांठचीं कित्येक गांवें उठून वर येऊन वसलीं. पळसदेवचें जुनें देऊळ पाण्याखालीं गेलें. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें कीं तें दिसूं लागतें. कार्तिकांत तेथें नुसतें निळें पाणी होतें.

नरसिंहपुरास संगमावर स्नान केलें. आपल्या तर्पणांत पितरांमागून गुरु, आप्त आणि सखे यांसही अंजलि देण्याची सोय आमच्या पूर्वजांनीं ठेविली आहे. उपाध्ये एकेक नांव आणि गोत्र विचारीत होते. आजींचें नांव सांगितल्यावर ते थांबले आणि शास्त्रास धरून म्हणाले, "गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणा." मला नोंदवही आठवली. मीं म्हटलें, "गोत्र नको. नांवच पुरे." त्यांनीं क्षणभर माझ्याकडे पाहिलें, आणि माझ्या ओंजळींत पाणी घातलें.